साखरशाळा व हंगामी वसतिगृहांचे अर्थसाहाय्य

साखरशाळा म्हणजे ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरित मुलांसाठी साखर कारखान्याच्या परिसरात गाळप हंगामापुरती चालवली जाणारी शाळा. हंगामी वसतिगृह ही नेमकी उलट दिशेची व्यवस्था आहे. आईवडील तोडीला गेल्यावर मूल गावातच राहावे, यासाठी गावच्या शाळेच्या आधाराने केलेली ती भोजन व निवासाची सोय होय. महाराष्ट्रात या व्यवस्थांचा खर्च निरनिराळ्या काळात स्वयंसेवी संस्था, साखर कारखाने, राज्य शासन आणि केंद्र शासन यांनी उचलला आहे.

पार्श्वभूमी

बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना, परभणी आदी जिल्ह्यांच्या कोरडवाहू तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तोडीला जाणाऱ्या पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल ही जोडी हंगामभर काम करून फेडते. शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने मुलाचे नाव गावच्या हजेरीपटावर असते. मूल मात्र दुसऱ्या सत्रात फडात असते. थोडी मोठी मुलगी बहुधा कोपीवर थांबून धाकट्या भावंडांना सांभाळते.

साखरशाळा

बैलगाडी व टायरगाडीने वाहतूक करणारी कुटुंबे हंगामभर कारखान्यालगतच्या तळावर एकत्र राहतात. साखरशाळा प्रामुख्याने अशाच तळांवर उभ्या राहिल्या. ट्रक व ट्रॅक्टरच्या टोळ्या फडागणिक मुक्काम हलवतात. त्यांच्या मुलांपर्यंत ही शाळा क्वचितच पोहोचली.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील जनार्थ या संस्थेने अनेक कारखान्यांवर साखरशाळा चालवल्या. त्यासाठी अमेरिकन इंडिया फाउंडेशनसारख्या देणगीदार संस्थांचे साहाय्य मिळाले. कोल्हापूर भागात अवनि या संस्थेने स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी काम केले. सर्व शिक्षा अभियानातील पर्यायी शिक्षणाची तरतूद हा शासकीय निधीचा मार्ग होता. कारखान्यांचा वाटा बहुधा जागा, शेड, पाणी, वीज अशा वस्तुरूपातच राहिला. कंपनी अधिनियम, २०१३ मधील सामाजिक दायित्वाच्या खर्चाची अट कंपन्यांपुरती आहे. सहकारी संस्था म्हणून नोंदलेल्या कारखान्यांना ती लागू होत नाही, आणि राज्यातील जुने कारखाने मुख्यतः सहकारीच आहेत.

हंगामी वसतिगृहे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. शाळेची मान्यता, शिक्षकांची पात्रता व भौतिक सुविधा यांचे निकष बंधनकारक झाल्याने तात्पुरत्या शाळांचा आधार कमी झाला आणि शासकीय खर्चाचा भर मुलांना गावातच ठेवण्यावर आला. ही वसतिगृहे शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतात. पुष्कळ ठिकाणी मुले रात्री आजी-आजोबांकडे झोपतात व दोन वेळचे जेवण समितीकडून मिळते. निधी प्रथम सर्व शिक्षा अभियानातून व २०१८ पासून समग्र शिक्षा अभियानातून येतो. त्यात केंद्र व राज्य यांचे प्रमाण पूर्वी ६५:३५ होते. ते २०१५-१६ पासून ६०:४० झाले.

या रचनेतील कळीचा प्रश्न रकमेइतकाच वेळेचा आहे. मुकादमाची गाडी दिवाळीच्या आगेमागे गावात येते. वसतिगृहाची मंजुरी किंवा पहिला हप्ता त्यानंतर आला, तर मूल तोवर आईवडिलांबरोबर निघून गेलेले असते. समितीने किराणा उधारीवर आणून वसतिगृह वेळेत सुरू केले, तर उधारीचा धोका गावातील माणसांवर पडतो.

महामंडळ व टनामागील निधी

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ २०१९ मध्ये स्थापन झाले. त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये व तेवढीच रक्कम राज्य शासनाकडून, अशी तरतूद पुढे करण्यात आली. राज्यात एका हंगामात १० कोटी टन ऊस गाळला गेल्यास, या दराने दोन्ही मिळून २०० कोटी रुपये होतात. हा निधी कामगारांच्या वा मुलांच्या संख्येशी नव्हे, तर उसाच्या वजनाशी बांधलेला आहे. दुष्काळी वर्षात ऊस घटला की तो आटतो. कोरडवाहू गावांतील कुटुंबांची गरज मात्र त्याच वर्षी वाढते.

२०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. तीत ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक, अशी प्रत्येकी १०० क्षमतेची ८२ वसतिगृहे, म्हणजे एकूण ८,२०० जागा ठरवण्यात आल्या. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटापुरता असल्याने चौदा वर्षांनंतरच्या मुलींसाठी या जागांना विशेष महत्त्व आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला होता. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के होते. एकटी मुलगी घरी ठेवण्याची भीती व जोडीने कोयता लावण्याची सोय, ही दोन्ही कारणे त्यामागे सांगितली जातात.

टनामागील आकारणी महाराष्ट्रातील कारखान्यांपुरती आहे. कर्नाटकातील कारखान्यांवर तोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या श्रमातून या निधीत काही जमा होत नाही.