तोसलीच्या अधिकाऱ्यांना सम्राट अशोकाचा हुकूम

सम्राट अशोक म्हटला की आपल्यासमोर कलिंगचे युद्ध आणि सारनाथचे सिंह उभे राहतात. पण एवढे मोठे राज्य चालवायला अधिकारी लागणारच. त्यांना हा राजा काय सांगत होता, तेही आपण उपासक-उपासिकांनी पाहिले पाहिजे.

ओडिशात भुवनेश्वरजवळ धौली येथे खडकावर त्याचे लेख आहेत. कलिंगच्या संहाराचा पश्चात्ताप सांगणारा तेरावा लेख इतरत्र आहे, पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे तो कोरलेला नाही. तिथे दोन वेगळे लेख आहेत, आणि ते अधिकाऱ्यांना उद्देशून आहेत. मला हे फार योग्य वाटते. ज्यांची माणसे मेली, त्यांना राजाचे दुःख ऐकून काय मिळणार? त्यांची रोजची गाठ अधिकाऱ्यांशी.

धौलीचा पहिला लेख तोसली नगरात न्यायनिवाडा करणाऱ्या महामात्रांसाठी आहे. सारी माणसे माझी लेकरे, असे सांगून राजा सरळ मुद्द्यावर येतो. कुणी विनाकारण बंदिवासात पडतो, कुणाचा छळ होतो, हे तो झाकून ठेवत नाही. असे का होते? मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, घाई, कामाची टाळाटाळ, आळस आणि थकवा. बघा, थकवासुद्धा त्याने दोषांत धरला! ‘आज नाही, उद्या या’ ऐकून कचेरीच्या पायऱ्या उतरलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकवावा, मध्येही ऐकवावा, ऐकणारा एकटा असला तरी चालेल, असा हुकूम आहे. शिवाय दर पाच वर्षांनी तपासणीला अधिकारी पाठवायचा, तोही कठोर नव्हे, सौम्य स्वभावाचा.

स्वतःलाही त्याने सोडले नाही. मी जेवत असेन, अंतःपुरात असेन, बागेत असेन, तरी लोकांचे काम मला कळवा, असे सहाव्या लेखात आहे. अर्थात मृत्युदंड त्याने बंद केला नाही, हेही लिहिले पाहिजे. शिक्षा झालेल्यांना फक्त तीन दिवसांची मुदत दिली.

आपल्या सोपाऱ्यातही १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीला जात. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधगयेला गेला, आणि तेव्हापासून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या : श्रमण-ब्राह्मणांना दान, म्हाताऱ्यांना मदत, आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांच्याशी बोलणे.