न गाणारी तीन मुले : किडंगूर, १९८५

केरळातल्या कोट्टायम जिल्ह्यात किडंगूर नावाचे गाव आहे. तिथल्या नायर सर्व्हिस सोसायटीच्या हायस्कुलातून २६ जुलै १९८५ पासून तीन भावंडांना काढून टाकण्यात आले. बिजो इमॅन्युएल दहावीत होता, बिनू मोल नववीत आणि बिंदू पाचवीत. तक्रार एकच होती. सकाळी शाळा भरताना राष्ट्रगीत सुरू झाले की ही तिघे सगळ्यांबरोबर उभी राहत, पण गात नसत.

या प्रकरणाचा मुख्य आधार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे ११ ऑगस्ट १९८६ चे निकालपत्र. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी ते लिहिले आणि त्यांच्यासोबत न्यायमूर्ती एम. एम. दत्त होते. घटनात्मक कायद्याच्या अभ्यासात हा निकाल अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि धर्मस्वातंत्र्य यांच्या संदर्भात शिकवला जातो. मला तो इथे शाळेच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचायचा आहे. कारण त्यात शिक्षण खात्याची दोन परिपत्रके, केरळ शिक्षण नियमावलीतले शिस्तीचे नियम आणि मुलांचे स्वतःचे म्हणणे, असे सगळे एकत्र सापडते. ही कागदपत्रे तारखेच्या क्रमाने लावली, तर शिस्तभंगाचे म्हणून उभे केलेले प्रकरण शिस्तीच्या कोणत्याच नियमात बसत नाही, असे दिसते.

पहिला कागद सप्टेंबर १९६१ चा. केरळच्या सार्वजनिक शिक्षण संचालकांनी शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासाठी आचारसंहिता घालून देणारे हे परिपत्रक काढले. त्यात देशभक्तीवर एक कलम आहे. शाळेत योग्य प्रकारची देशभक्ती रुजेल असे वातावरण असावे, देशप्रेमाच्या आड धर्म, पक्ष वा तत्सम काही येऊ नये, राष्ट्रीय एकात्मतेचा पाया शाळेत घातला जावा, असा त्याचा आशय. राष्ट्रगीताविषयी म्हटले आहे ते एवढेच, की सर्वसाधारणपणे सगळ्या शाळेने गायनात भाग घ्यावा. एखादा विद्यार्थी गायला नाही तर त्याला काय शिक्षा, याचा उल्लेख निकालपत्रात दिलेल्या उताऱ्यात कुठेही नाही.

दुसरे परिपत्रक फेब्रुवारी १९७० चे. त्याची भाषा अधिक करडी आहे. रोज तास सुरू होण्याआधी सर्व विद्यार्थी आणि शिक्षकांनी एकत्र जमणे सक्तीचे आहे. राष्ट्रगीतानंतर सगळ्या शाळेने एका सुरात प्रतिज्ञा म्हणावी आणि मग रांगेने वर्गात जावे. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. आपण त्याला परिपाठ म्हणतो, आणि ती प्रतिज्ञा आपल्याही पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली असते. पण परिपत्रक नीट वाचले की एक गोष्ट ध्यानात येते. सक्ती आहे ती जमण्याची. एका सुरात म्हणायची आहे ती प्रतिज्ञा. प्रत्येक मुलाच्या तोंडून राष्ट्रगीत आलेच पाहिजे, असे हे परिपत्रकही म्हणत नाही. तिन्ही भावंडे परिपाठाला हजर असत, याबद्दल तर वादच नव्हता.

आता नियमावली. परिपत्रक हा खात्याचा आदेश असतो. नियमावलीला मात्र केरळ शिक्षण कायद्याचा आधार आहे, म्हणून तिचे वजन जास्त. तिच्या आठव्या प्रकरणातला आठवा नियम नैतिक शिक्षणाचा. असे शिक्षण शाळेत निश्चित कार्यक्रम आखून दिले जावे, मात्र त्यातून कोणाच्याही सामाजिक वा धार्मिक भावनांना धक्का पोचू नये, असे तो सांगतो. विद्यार्थ्यांच्या मनावर जे गुण सतत बिंबवायचे त्यांत देशप्रेमाचाही समावेश आहे. म्हणजे देशप्रेम आणि धर्मभावनेची बूज, दोन्ही एकाच नियमात शेजारी शेजारी आहेत. नववे प्रकरण शिस्तीचे. त्यातल्या सहाव्या नियमानुसार विद्यार्थ्याला समज देता येते, निलंबित करता येते किंवा शाळेतून काढता येते. पण त्यासाठी जाणूनबुजून केलेली अवज्ञा, खोडसाळपणा, लबाडी, परीक्षेतले गैरप्रकार, इतर मुलांवर वाईट परिणाम होईल असे वर्तन, अशांपैकी काही तरी सिद्ध व्हावे लागते. या तिघांवर यातला एकही दोष ठेवलेला नव्हता. उलट ती नेहमीच सभ्य, कायदा पाळणारी आणि आदराने वागणारी होती, हे मान्यच करण्यात आले होते, अशी नोंद न्यायालयाने केली आहे.

मग जुलै १९८५ मध्ये असे काय घडले?

ही मुले यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली. आपल्या देवाच्या प्रार्थनेखेरीज कोणत्याही विधीवजा कृतीत भाग घ्यायचा नाही, ही त्या पंथाची शिकवण. याच शाळेत या भावंडांच्या मोठ्या बहिणीही शिकून गेल्या होत्या, आणि त्याही राष्ट्रगीताला उभ्या राहत पण गात नसत. वर्षानुवर्षे हे शिक्षकांच्या डोळ्यांसमोर चालले होते. कोणालाही त्यात अनादर दिसला नव्हता. ही तिघे गात नाहीत याची दखल घेतली ती शाळेबाहेरच्या माणसाने, विधानसभेच्या एका सदस्याने. निकालपत्रात त्यांचे नाव नाही. त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. त्यावर चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाचा अहवाल न्यायालयापुढे आलाच नाही. पण मुले कायद्याने वागणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असे आयोगाने म्हटल्याचे न्यायालयाला सांगण्यात आले. तरीही शिक्षण खात्याच्या शाळा उपनिरीक्षकांच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकांनी मुलांना शाळेतून काढले.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. जी माणसे या मुलांना रोज पाहत होती त्यांची तक्रार नव्हती. ज्यांनी चौकशी केली त्यांना दोष सापडला नाही. शिक्षा मात्र झाली. पुढे वडिलांनी विनंती केली, की शासनाचा निर्णय होईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्या. मुख्याध्यापिकांनी आपला नाइलाज असल्याचे कळवले. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण कागदपत्रे तसे करू देत नाहीत. शाळेतल्या मुलाबद्दलचा निर्णय शाळेच्या हातून आधीच निसटला होता, एवढेच त्या उत्तरावरून कळते.

विधानसभेतला प्रश्न, आयोगाचे मत, उपनिरीक्षकांची सूचना, मुख्याध्यापिकांचे उत्तर, हे सगळे मुलांविषयीचे. मुलांचे म्हणणे निकालपत्रात आपल्यापर्यंत पोचते ते त्यांच्या याचिकेतून, म्हणजे शाळेचे दार बंद झाल्यावर. ते म्हणणे अगदी साधे आहे. आम्ही आदर दाखवण्यासाठी उभे राहतो. गात नाही, कारण आमच्या प्रामाणिक श्रद्धेप्रमाणे तसे करणे आम्हाला मना आहे. राष्ट्रगीताचे शब्द किंवा त्यातला विचार यांना त्यांचा विरोध नव्हता. पाचवीतल्या मुलीलाही समजेल आणि सांगता येईल असे हे उत्तर आहे.

केरळ उच्च न्यायालयाने मात्र भलताच प्रश्न सोडवला. आधी एका न्यायाधीशाने आणि मग खंडपीठाने याचिका फेटाळली. राष्ट्रगीतातला शब्दन् शब्द तपासून, कोणाच्याही धर्मभावना दुखावतील असे त्यात काही नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निष्कर्ष बरोबरच होता, पण तसा दावा मुलांनी केलाच नव्हता! सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले.

श्रद्धा खरी की खोटी हे न्यायालयाने कसे ठरवायचे? इथे निकालपत्र मुंबईकडे वळते. पारशी समाजातल्या धार्मिक विधींसाठी ठेवलेल्या देणगीच्या एका जुन्या खटल्यात, जमशेटजी विरुद्ध सूनाबाई, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दावर यांनी म्हटले होते, की एखाद्या समाजाची अशी श्रद्धा असेल तर न्यायाधीशाने ती स्वीकारावी. त्या श्रद्धेचा न्यायनिवाडा करणे हे त्याचे काम नाही. न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी १९५४ च्या रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात ते मत उचलून धरले आणि तिथून ते किडंगूरच्या मुलांपर्यंत आले. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना ६ वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश, एवढीच दावरांची ओळख मराठी माणसाला असते. त्याच दावरांचे वाक्य १९८६ मध्ये तीन शाळकरी मुलांच्या कामी आले, हे नोंदवून ठेवावे असे मला वाटते.

कायद्याची बाजू न्यायालयाने थोडक्यात आटोपली. राष्ट्रगीत गायलाच हवे असे बंधन घालणारा कायदा देशात नाही. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम राष्ट्रगीत हेतुपुरस्सर अडवणाऱ्याला किंवा ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणणाऱ्याला शिक्षा देते. आदराने गप्प उभे राहणारा यातले काहीच करत नाही. मूलभूत हक्कावर बंधन घालायचे तर त्याला कायदा लागतो, खात्याचा आदेश पुरत नाही, हे १९६२ च्या खरकसिंग खटल्यात पोलिसांच्या पाळतीविषयीच्या नियमांबाबत ठरले होतेच. त्या दोन परिपत्रकांना कायद्याचे पाठबळ नव्हते. त्यांचा अर्थ प्रत्येक मुलावर गाण्याची सक्ती असा लावला, तर घटनेच्या १९ (१) (अ) आणि २५ (१) या अनुच्छेदांचा भंग होतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

न्यायालयाने परदेशातले दाखलेही पाहिले. त्यांतला अमेरिकेचा बोलका आहे, कारण तिथेही गोष्ट शाळेतल्याच मुलांची होती. पेनसिल्व्हेनियातल्या माइनर्सव्हिल गावात याच पंथाच्या लिलियन आणि विल्यम या भावंडांनी ध्वजवंदन केले नाही म्हणून १९३५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये आठ विरुद्ध एक मताने शाळेची बाजू घेतली आणि तीनच वर्षांत, वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात, स्वतःचा निर्णय फिरवला. चिन्नप्पा रेड्डींपुढे दोन्ही निकाल होते. त्यांनी दुसऱ्याची वाट धरली, आणि शेवटी आपली परंपरा, तत्त्वज्ञान आणि राज्यघटना तिन्ही सहिष्णुता शिकवतात, ती पातळ होऊ देऊ नका, असे बजावले.

हा निकाल आजही कायदा आहे. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत आपण खेळाआधी राष्ट्रगीताला उभे राहतो. ते देशभर सक्तीचे करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१६ रोजी दिला आणि ९ जानेवारी २०१८ रोजी बदलून ऐच्छिक केला. शाळांच्या बाबतीत मात्र किडंगूरच्या निकालात बदल झालेला नाही. शाळेची आचारसंहिता लिहिणाऱ्या प्रत्येक समितीने तो एकदा मुळातून वाचावा. त्यातला घटनाक्रम पानभराचाच आहे.

न्यायालयाचा आदेश असा होता : उच्च न्यायालयाचा निकाल रद्द, तिन्ही मुलांना शाळेत परत घ्यावे, त्यांचे शिक्षण विनाअडथळा चालू द्यावे आणि त्यासाठी लागणाऱ्या सोयी द्याव्यात. शाळेतून काढल्याच्या दिवसापासून एक वर्ष सोळा दिवसांनी हा आदेश आला. केरळात दहावीची परीक्षा मार्चमध्ये होते. बिजोच्या वर्गाची १९८६ ची परीक्षा तोवर होऊन गेली होती.