दर्यापारची नोकरी आणि मागे राहिलेले घर

आपल्या स्मरणिकेत लष्करी पेशातील ज्ञातिबांधवांचा गौरव छापण्याचा प्रघात जुना आहे. पदके, हुद्दे आणि लढाया यांची नोंद त्यात असते व ती असावी हे योग्यच होय. परंतु हे पुरुष ज्या घरांतून बाहेर पडले, त्या घरांनी त्यांस निरोप देताना मनाशी कोणता हिशेब मांडला होता, याविषयी फारसे लेखन आमच्या पाहण्यात नाही. समुद्रापलीकडची कामगिरी पत्करली म्हणजे बायकामुले मागे राहत. ती पुरी करून परतल्यावर मात्र बढती मिळेल, बऱ्या छावणीत नेमणूक होईल आणि कुटुंबास जवळ आणता येईल, अशी आशा असे. वर्षादोन वर्षांचा विरह देऊन पुढील दहा वर्षांचे स्वास्थ्य घ्यावयाचे, असा हा सौदा होता. तो कोणास पडला आणि कोणास फळला, हे आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

बरी छावणी म्हणजे काय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मुंबई इलाख्याच्या फौजेत शांततेच्या काळी अनेक शिपायांची बिऱ्हाडे पलटणीच्या लाइनीत असत. घर लहान, पण नवरा जवळ, औषधपाणी हाताशी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मुलांस शाळा. गावच्या शाळेत ज्यांस उंबऱ्यापाशीही उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या मुलांस छावणीत अक्षरओळख होत असे. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीतच झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. छावणीतील बिऱ्हाडाने एका घराण्याचे पाऊल कोठवर नेले, याचे याहून मोठे उदाहरण शोधावयास नको. यास्तव शिपायाची बायको जेव्हा 'चांगल्या ठिकाणी बदली' म्हणे, तेव्हा तिच्या मनात हवापाण्यापेक्षा हेच अधिक असे.

समुद्रलंघनाचा बाऊ आपल्याकडील फौजेने फारसा केला नाही. बंगालच्या फौजेत ही गोष्ट वेगळी होती. १८५२ साली तिकडील अडतिसाव्या पलटणीने ब्रह्मदेशास जहाजाने जाण्याचे नाकारले आणि १८५६ साली नव्या शिपायांवर कोठेही जाण्याची अट घालावी लागली. मुंबईच्या पलटणींत कोकणातील माणूस पुष्कळ, आणि दर्या त्याच्या परसदारीच होता. १८६७-६८ च्या हबसाणातील मोहिमेत मुंबईचे सरसेनापती नेपियर यांनी सुमारे तेरा हजारांची फौज नेली, ती बव्हंशी मुंबईहूनच निघाली. चव्वेचाळीस हत्तीदेखील त्या जहाजांतून गेले. शिपायांच्या घरच्या माणसांस मात्र अर्थातच जागा नव्हती! मग्दला १३ एप्रिल १८६८ रोजी पडले आणि फौज त्याच वर्षी परतली. अशा थोडक्या महिन्यांच्या मोहिमांमुळे घरोघरी एक समजूत रुजली की, दर्यापार गेलेला माणूस लौकर येतो आणि रिकाम्या हाताने येत नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. शिपायाचा दरमहा पगार दीर्घकाळ सात रुपये होता. १८९५ मध्ये तो नऊ आणि १९११ मध्ये अकरा झाला. देशात असताना यातूनच त्यास स्वतःच्या पोटाची सोय करावी लागे. मोहिमेवर शिधा सरकारी. म्हणजे परमुलखी गेल्याने पगार एका पैशाने वाढला नाही असे धरले, तरी घरी जाणारी मनिऑर्डर वाढे. सावकाराचा कागद सोडवावयाचा असो की बहिणीचे लग्न उरकावयाचे असो, हा फरक लहान नव्हता. हुकूम सुटल्यावर 'जाऊ की नको' असा प्रश्न शिपायास नसे, हे खरे. पण पहिल्या महायुद्धात तुटलेल्या पलटणी भरून काढण्यासाठी डेपोतून व इतर पलटणींतून माणसे मागविली जात, तेव्हा पुढे होणे वा मागे राहणे काही अंशी हातात असे. भरती होताना तर ते पूर्णपणे हातात होते. असा प्रसंग आला म्हणजे ओटीवर बैठक बसे. वडील, चुलते, थोरले बंधू बोलत. आई दाराआडून बोले. जिला सर्वांत अधिक भोगावयाचे होते ती चुलीपाशी ऐकत असे. नांगर कोण धरणार, बाळंतपण माहेरी करावयाचे की येथे, मनिऑर्डर सासऱ्याच्या नावे यावी की बायकोच्या, हे प्रश्न त्या बैठकीत निघत आणि शेवटचा प्रश्न बहुधा तिला न विचारताच सुटे.

बढतीचे बोलणेही होई. 'जाऊन आला की नाईक होईल, पुढे हवालदार होऊन बेऱ्हाड नेईल' हे वाक्य आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे. पण त्या बढतीचा उगम कोठे होता, याचा उच्चार कोणी करीत नसे. पलटणीत वरची जागा रिकामी झाली तरच फीत मिळावयाची. आणि लढाईत जागा रिकामी होते ती कोणी मेला म्हणून किंवा जायबंदी झाला म्हणून. आपल्या पलटणींची भरती ठराविक जिल्ह्यांतून, पुष्कळदा शेजारशेजारच्या गावांतूनच होत असे. तेव्हा एका घरी हवालदारीची खबर पोचावी आणि त्याच आठवड्यात पलीकडच्या आळीत आकांत व्हावा, असे घडे. अशा घरी पेढे वाटले जात नसत.

या सौद्यावर सर्वांत मोठा घाव पडला तो मेसोपोटेमियात. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून त्यांस वेढा पडला. धान्य संपत आले तेव्हा घोड्यांचे मांस देण्यात आले. धर्माच्या भयाने शिपायांनी ते बराच काळ नाकारले आणि उपासाने खंगले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती सापडली. पुढील पायपीट, आजार आणि रास-अल-ऐनकडील रेल्वेच्या कामावरील हाल यांत किती गेले, याची आठवणसुद्धा अंगावर काटा आणते. पुढे १९२१ साली ११७ व्या पलटणीस 'रॉयल' हा किताब मिळाला. हा मान मोठाच. पण किताब पलटणीस मिळतो, बिऱ्हाडास नव्हे.

आमच्या घराण्यातील एक पुरुष याच काळी बसऱ्याकडे गेले ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नीस आम्ही पाहिलेले नाही. मात्र टपालवाला पाणंदीच्या तोंडाशी दिसला की ती घरात जाऊन बसे, कागद दुसऱ्याने घ्यावा म्हणून, असे आमची आजी सांगे. पत्र वाचून दाखविण्यास शाळामास्तरांकडे जावे लागे; म्हणजे वाईट बातमी आलीच तर ती आधी परक्यास कळावयाची. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे सेहेचाळीस जवान त्या महायुद्धात कामास आले, हे प्रसिद्धच आहे. बसऱ्याच्या स्मारकावर, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या सैनिकांची नावे तेथे एकेक कोरलेली आहेत. हिंदी साध्या शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा आहे. जो माणूस नाईकाची फीत घेऊन यावयाचा होता, तो अशा रीतीने बेरजेत गेला. आमच्या मते या अन्यायाचे दुःख घरच्यांस अधिक झाले असते. पण हे स्मारक पाहावयास त्यांच्यापैकी जाणार कोण?

दुसऱ्या महायुद्धाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळांच्या ऐकण्यातले आहे. या वेळी विरह महिन्यांचा नव्हे, वर्षांचा होता. केरेनचा १९४१ मधील विजय, १९४२ च्या जूनमध्ये तोब्रुक पडून दुसरी मराठा पलटण, आपली 'काळी पाचवी', कैदेत जाणे, आणि इटलीत यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांस मिळालेले व्हिक्टोरिया क्रॉस, हा सर्व त्याच काळाचा इतिहास. मागे घरी धान्याचे भाव असे चढले की, पूर्वीचीच मनिऑर्डर अर्ध्या महिन्यात सरू लागली. पूर्वी ज्या पैशासाठी जावयाचे, तो पैसाच हलका झाला होता.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न नव्या रूपाने आला. १९५३-५४ साली मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्या नेतृत्वाखाली आपली फौज कोरियात युद्धकैद्यांच्या रक्षणास गेली. १९५६ ते १९६७ पर्यंत गाझात, आणि १९६० नंतर काँगोत आपले जवान होते. लढाई जिंकावयाची नव्हती, शांतता राखावयाची होती. मुदत ठरलेली, भत्ता ठरलेला. कुटुंबे मात्र मागेच. याच सुमारास तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही काही पडू लागले. १९६१ साली साताऱ्यास पहिली सैनिक शाळा निघाली, १९६३ मध्ये पलटणींच्या वीस शाळा केंद्रीय शाळा म्हणून चालू झाल्या, आणि पुढे एकट्या राहणाऱ्या जवानांच्या कुटुंबांसाठी वेगळी निवासस्थानेही झाली. आणखी एक फरक आम्ही डोळ्यांनी पाहिला: बायका बैठकीत बोलू लागल्या.

आमचे काका पुरवठा-वाहतूक खात्यात हवालदार होते. १९६१ साली गाझास जाण्याचा प्रसंग आला तेव्हा आजोबांनी होकार दिलाच होता. काकू पदर सावरून पुढे आल्या व म्हणाल्या, "मामंजी, जाऊ द्या त्यांना. पण परत आल्यावर खडकीला क्वार्टर हवं, हा अर्ज जाण्याआधी गेला पाहिजे. मागून कोण विचारतं?" आजोबा काही बोलले नाहीत. अर्ज गेला. त्या वर्षी काकूंनी एक वही ठेवली: मनिऑर्डर किती, बियाणे किती, मुलाच्या तापास औषध किती, दिराकडून उसने किती. काका परतले ते रेडिओ घेऊन. तो ऐकावयास आळी लोटली. धाकटा मुलगा मात्र चार दिवस आईच्या मागून पुढे येईना.

खडकीचे क्वार्टर मिळावयास दीड वर्ष लागले. तेथे काकूंनी दारात तुळस लावली, थोरल्यास केंद्रीय शाळेत घातले आणि त्या वहीत पुढे काही लिहिले नाही. पंचवीस महिने ते सर्व जण एकत्र राहिले. मग १९६५ चा सप्टेंबर आला आणि काका पंजाबच्या सरहद्दीवर गेले.