पाण्याचा धनी कोण?

वसंत व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की गड, तह आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. आज मी जो इतिहास सांगणार आहे त्यात तलवार नाही. त्यात पाग आहे, गळ आहे आणि सरकारी शिक्क्याचा एक कागद आहे. नदी, ओढा आणि तलाव यांतील मासा कोणी धरावा, केव्हा धरावा आणि कोणास विचारून धरावा, याचे नियम कोणी केले व कोणासाठी केले, हा माझा विषय.

कामोठ्यात हा विषय परका नव्हे. या भागातील आगरी-कोळी माणसाने खाडीचे खारे पाणी पाहिले, तसे पावसाळ्याचे गोडे पाणीही पाहिले. पहिला मोठा पाऊस झाला की गाभोळीने भरलेले मासे ओढ्यावाटे शेतांत चढत आणि ते धरावयास गाव लोटे. यास वलगण म्हणतात. त्या रात्री परवाना कोणी मागितला नाही आणि कोणी दाखविला नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, पुढे शेते संपादन झाली आणि जेथे मासे चढत तेथे इमारती चढल्या.

परंतु नियम नव्हते असे मात्र नाही. मासळीवरचा राजाचा हक्क फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बंधाऱ्यांतील मासे, तरी आणि भाजीपाला यांवर राजाचे स्वामित्व सांगितले आहे, आणि मासेमाराने होडीच्या भाड्यापोटी सहावा हिस्सा द्यावा असेही म्हटले आहे. अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात काही ठराविक तिथींना मासे मारणे व विकणे बंद केले. म्हणजे कर आणि बंदी हे दोन्ही धागे दोन हजार वर्षांपूर्वीच विणले गेले होते. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने मानसोल्लासात गळाने मासे धरण्याच्या राजविनोदाचे वर्णन केले. एकाच पाण्यावर एकाचा विनोद आणि दुसऱ्याचे पोट, हा भेद तेव्हापासूनचा आहे.

तिसरा धागा लोकांचा. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातील वाळण कोंड येथे वरदायिनी देवीच्या नावाने डोहातील महसीर मासा राखलेला आहे. तेथे शिपाई नाही, दंडाची पावती नाही. गावाचा शब्द आहे. नियम पाळावयास माणूस तयार असतो. मात्र तो नियम आपला आहे असे त्यास वाटले पाहिजे.

इंग्रजांचा नियम निराळ्या वाटेने आला. फ्रान्सिस डे नावाच्या डॉक्टरने १८७३ साली हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासळीवर अहवाल दिला. लहान माशांचा अवाजवी संहार होतो, अशी त्याची तक्रार होती. त्यानंतर चोवीस वर्षांनी, १८९७ चा चौथा कायदा, म्हणजे भारतीय मत्स्य कायदा झाला. सुरुंगाने मासे मारू नयेत, विष घालू नये. तसे केल्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. प्रांतिक सरकारास जाळ्याच्या आसाचे माप ठरविण्याचा आणि नेमलेल्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकार मिळाला. यात वाईट काही नाही. सुरुंगाने एका दिवसाची चैन होते आणि वर्षाचे पीक जाते.

पण या कायद्यातील एक शब्द नीट वाचा. विष घालणे हा गुन्हा केव्हा? मासे धरण्याच्या वा मारण्याच्या हेतूने घातले तर. ओढ्यात विषारी पाला ठेचून टाकणारा गरीब माणूस या कलमात सापडतो. कारखान्याच्या नळातून आम्ल सोडणाराचा हेतू मासे मारण्याचा नसतो. त्यास फक्त खर्च वाचवावयाचा असतो. मासा दोन्हीकडे मरतो, पण आरोपी एकच ठरतो. ही पोकळी भरावयास महाराष्ट्रात १९६९ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा व पुढे १९७४ चा केंद्राचा कायदा यावा लागला. मधली सत्तर-बहात्तर वर्षे कोणाच्या पथ्यावर पडली, हे आपण जाणताच.

आता धनीपणाकडे वळू. भंडारा-गोंदियाकडील तलाव प्रसिद्ध आहेत. त्यांतील अनेक कोहळी समाजाने बांधले. मासे धरण्याचा व्यवसाय ढिवरांचा. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजार गेला हे चांगलेच झाले. पण पाणी ढिवराचे झाले काय? नाही. ते ठेक्याचे झाले. सहकारी संस्था काढावी, ठेक्याची रक्कम भरावी, रोहू-कटला-मृगळाचे बीज आणून सोडावे, तेव्हा मासा आपला. संस्था बळकट असेल तर हे उत्तम, कारण ती कामगारांची एकजूटच आहे. पण संस्था कागदावर आणि पैसा सावकाराचा, असे झाले की ढिवर आपल्याच तलावावर मजूर होतो. महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० याने परवान्याची चौकट दिली. चौकटीत कोण बसतो हे संघटनेच्या बळावर ठरते.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात सरोवरे पुष्कळ, आणि तेथे हौशी माणूस दुकानातून परवाना विकत घेऊन गळ टाकतो. १९५० सालच्या कायद्याने मासेमारीच्या साहित्यावरील कराचा पैसा राज्यांना मिळतो. अट एवढीच की परवान्याचा पैसा मासळी व वन्यजीव खात्याबाहेर वळवू नये. ही अट आपण घेण्याजोगी आहे. पण त्याच राज्यात ओजिब्वे या मूळ रहिवाशांचा १८३७ च्या तहाने राखलेला मासेमारीचा हक्क सरकारने नाकारला होता, आणि तो सर्वोच्च न्यायालयाकडून १९९९ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी मान्य करून घ्यावा लागला. परवाना देणारा हात दयाळू असला तरी परवान्याआधीचा हक्क तो आपण होऊन आठवत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. तळोजे औद्योगिक वसाहतीतून कासाडी नदी वाहते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्या भागात निळ्या रंगाचे कुत्रे हिंडताना दिसले आणि जगभर छायाचित्रे गेली. कुत्र्याच्या अंगावर रंग दिसतो. माशाच्या अंगावरचा दिसत नाही, कारण तो मासा वर येत नाही. नदीचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. तेथे कोणी परवाना मोडला म्हणून मासा संपलेला नव्हता.

तात्पर्य इतकेच. माशाचे राज्य चालविण्यास तीन प्रश्न सोडवावे लागतात: पाणी कोणाचे, मासा कोणी धरावा आणि पाणी जिवंत कोणी ठेवावे. आपल्या कायद्यांनी पहिल्याचे उत्तर 'सरकारचे' आणि दुसऱ्याचे 'परवानाधारकाने' असे दिले. तिसऱ्याचे उत्तर उशिरा दिले आणि अपुरे अमलात आणले. मजुराच्या हजेरीपटावर सही घ्यावी आणि गिरणीचे यंत्र गंजू द्यावे, तसे हे झाले. विणीच्या काळात हात आवरावा, बारीक आसाचे जाळे टाकू नये, हे मासेमाराने मान्य करावे; तो ते करीलही. पण त्या बदल्यात नळाच्या तोंडाशीही तितकाच कडक पहारा हवा आणि तलावाचा ठेका पाण्यात उतरणाऱ्याच्याच संस्थेस हवा. हे मागण्यास अर्ज पुरत नाही. एकत्र यावे लागते.