संगणकाला आधी जागं कोण करतं?

ऑपरेटिंग सिस्टिम साठवलेली असते डिस्कवर. डिस्क वाचायला प्रोग्रॅम लागतो, आणि तो प्रोग्रॅम तर ऑपरेटिंग सिस्टिममध्येच असतो! मग बटण दाबल्यावर सुरुवात होते तरी कशी? धाराशिव जिल्ह्यात कळंबच्या किंवा परांड्याच्या एखाद्या शाळेत कपाटात जुना नोटबुक संगणक पडून असेल, तर त्यावर नवी सिस्टिम चढवताना घोडं अडतं ते बहुधा याच कोड्यापाशी. म्हणून त्याचा इतिहास आपण थोडा उलगडून पाहू.

1981 साली आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्यातल्या एका चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम कायमचा कोरलेला होता. तो फ्लॉपीवरचे पहिले फक्त 512 बाइट वाचून मेमरीत ठेवी आणि कारभार त्यांच्या हवाली करी. ते पुढचा तुकडा वाचत, तो त्याच्या पुढचा. यातली मेख अशी, की सुरुवात बायोसला ओळखता येणाऱ्या साधनावरूनच होणार. बाकीची साधनं जोडलेली असली तरी त्या क्षणी त्याच्या लेखी नसतातच.

1990 नंतरच्या दशकात नोटबुक पातळ करण्यासाठी अनेकांतून सीडी ड्राइव्ह बाहेर काढली गेली. बाहेरच्या ड्राइव्हची बायोसला ओळख नसे. म्हणून आधी फ्लॉपीवरून डॉस सुरू करायचं, त्यातून सीडीचा ड्रायव्हर चढवायचा आणि मग सीडी वाचायची, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. 1995 मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी 'एल टोरिटो' हे मानक काढलं. (हे नाव कॅलिफोर्नियातल्या एका उपाहारगृहाचं, कल्पना तिथेच सुचली म्हणे.) त्यातली एक युक्ती मजेशीर होती: सीडीवर फ्लॉपीची हुबेहूब प्रत ठेवायची आणि बायोसने तिलाच फ्लॉपी समजायचं.

यूएसबी आल्यावर गंमत वाढली. पहिल्या यूएसबीचा वेग सेकंदाला जेमतेम 1 मेगाबाइट, म्हणजे 700 मेगाबाइटची सीडी वाचायला बारा मिनिटं तरी हवीत. 'यंत्र अडकलं' असं वाटून आपण ते बंद करतो, तेव्हा पुष्कळदा ते नुसतं हळू चाललेलं असतं.

खरी अडचण मात्र साखळीच्या मध्यावर येते. बायोस पेनड्राइव्ह वाचतो, नवी सिस्टिम थोडी मेमरीत येते आणि सूत्रं हाती घेऊन यूएसबीची जुळणी पुन्हा पहिल्यापासून करते. त्या घटकेला तिचा स्वतःचा ड्रायव्हर तयार नसेल, तर जिच्यावरून ती आली ती पेनड्राइव्हच तिला दिसेनाशी होते! ज्या फांदीवर बसायचं तीच तोडायची, असा प्रकार. 2001 ची विंडोज एक्सपी अशी निळ्या पडद्यावर थांबे. 2009 च्या विंडोज 7 ला यूएसबी 3 ची खाच ओळखता येत नसे.

हे कोडं मुळातच टाळणारं एक यंत्र महाराष्ट्रात आलं होतं. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या छोट्या शाळेत मुलांना 'एक्सओ' लॅपटॉप मिळाले. त्यात फिरती डिस्क नव्हती, सीडी ड्राइव्हही नव्हती. होती फक्त 1 गिगाबाइटची फ्लॅश मेमरी. बायोसच्या जागी 'ओपन फर्मवेअर' होतं. सिस्टिम बिघडली तर नवी प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची, खेळाची चारही बटणं दाबून धरायची आणि यंत्र सुरू करायचं. नव्याने सिस्टिम चढवण्याची वेळ येणारच, हे बनवणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलं होतं. आमच्या मते बाकी कंपन्यांनी उचलावा असा हाच गुण होता.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार संपला आणि चालती असलेली कितीतरी यंत्रं भंगाराच्या वाटेला लागली. त्यांवर लिनक्स घालता येतं, पण आधी प्रोसेसर 64 बिटचा आहे ना ते पाहावं. 2025 च्या डेबियन 13 ने 32 बिटच्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं आहे.

साखळी कुठे तुटली ते लक्षणांवरून कळतं. पेनड्राइव्ह यादीतच नसेल तर प्रश्न बायोसचा. तिथे यूएसबी ओळखणारा छोटा प्रोग्रॅम सीडीवरून आधी चालवता येतो. सुरुवात होऊन मधेच 'ड्राइव्ह सापडत नाही' असं आलं तर ड्रायव्हरचा. दुसरी खाच वापरून पाहावी. बाहेरची ड्राइव्ह नुसतीच टकटक करत असेल तर वीज कमी पडते आहे, कारण जुनी खाच 500 मिलिअँपिअरच देते. दोन खाचांतून वीज घेणारी वायर लावावी. आणि काहीच जमलं नाही, तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी, लिनक्स तिथेच चढवावं आणि डिस्क पुन्हा जागेवर बसवावी.