मालडबा ते सॉफ्टवेअर कंटेनर : एका स्थित्यंतराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

लातूर जिल्ह्याच्या वाहतुकीच्या इतिहासात दोन रुळांमधील अंतराला विशेष महत्त्व आहे. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. या मार्गाचे माप अडीच फूट, तर कुर्डुवाडीस मिळणाऱ्या मुख्य मार्गाचे माप साडेपाच फूट होते. त्यामुळे मुंबईकडे जाणारा माल कुर्डुवाडीस एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. उदगीर रुंदमापी मार्गावर असल्याने त्यास ही अडचण नव्हती. लातूर-कुर्डुवाडी मार्गाला मात्र रुंदीकरणासाठी २००८ पर्यंत थांबावे लागले. संगणकाच्या क्षेत्रातही असाच मापभेद दीर्घकाळ होता. एका यंत्रावर सुरळीत चालणारी आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर चालेलच, याची शाश्वती नसे. या अडचणीवर शोधलेल्या उपायाचा आढावा घेणे व ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने त्याचा अर्थ तपासणे, हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

संज्ञेचा उगम :

‘कंटेनर’ ही संज्ञा सागरी वाहतुकीतून आली आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनकडे नेल्या. आत कोणता माल आहे याचा विचार न करता संपूर्ण पेटीच उचलावयाची, हे या पद्धतीचे मर्म होते. महाराष्ट्रात १९८९ मध्ये कार्यान्वित झालेले न्हावाशेवा येथील बंदर याच पद्धतीच्या बळावर वाढले.

तांत्रिक विकासाचे टप्पे :

सॉफ्टवेअरमधील विलगीकरणाची बीजे १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आढळतात. तीतील ‘सीएचरूट’ या सोयीमुळे एखाद्या प्रक्रियेस फाइलींच्या मर्यादित शाखेपुरतेच जग दाखविता येऊ लागले. २००० मध्ये फ्रीबीएसडीने ‘जेल’ ही अधिक कडेकोट व्यवस्था आणली. लिनक्समध्ये २००२ पासून ‘नेमस्पेस’ टप्प्याटप्प्याने दाखल झाले, तर प्रक्रियेने किती स्मृती व प्रोसेसर वापरावा यावर बंधन घालणारे ‘सीग्रुप’ २००८ मध्ये कर्नलचा भाग झाले. ही साधने उपलब्ध असली तरी त्यांचा वापर जाणकारांपुरताच मर्यादित होता.

मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी ‘डॉकर’ हे साधन जगासमोर मांडले. त्याचे खरे योगदान विलगीकरणापेक्षा लेखनात होते. कोणती भाषा, तिची कोणती आवृत्ती आणि कोणती ग्रंथालये हवीत, हे ‘डॉकरफाइल’ या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवता येऊ लागले. त्या मजकुरावरून ‘इमेज’ तयार होते आणि इमेजवरून हवे तितके कंटेनर उभे करता येतात. २०१५ मध्ये खुली मानके ठरविण्यासाठी संस्था स्थापन झाली. २०१९ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ कोड या संपादकात कंटेनरच्या आत राहून आज्ञावली लिहिण्याची सोय आली. परिणामी नव्या प्रकल्पाच्या प्रारंभी जो वेळ जुळवाजुळवीत जात असे, तो मूळ कामासाठी मिळू लागला.

महाविद्यालयीन संदर्भ :

उदगीरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी या बदलाचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. प्रयोगशाळेतील संगणक वेगवेगळ्या वर्षी खरेदी केलेले असतात. त्यांची मांडणी कशी केली, हे बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या वा सहायकाच्या स्मरणात असते. ती व्यक्ती बदलली की ज्ञानही जाते. विद्यार्थ्याचा आरंभीचा काळ आज्ञावली शिकण्याऐवजी त्रुटींचे संदेश वाचण्यात जातो आणि दोष यंत्राचा असताना न्यूनगंड विद्यार्थ्याच्या वाट्यास येतो. मांडणी लिखित झाल्यास ती पुढील तुकडीस वारशाने मिळते. महानगरातील विद्यार्थी जेथून आरंभ करतो, तेथूनच उदगीरच्या विद्यार्थ्यालाही आरंभ करता येतो.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. कंटेनर यजमान यंत्राचेच कर्नल वापरतो. म्हणून लिनक्सचे कंटेनर विंडोजवर चालविण्यासाठी मध्ये आभासी यंत्रणा लागते आणि कमी स्मृतीच्या जुन्या संगणकास तिचा भार पेलत नाही. प्रोसेसरचा प्रकार वेगळा असल्यास इमेजही वेगळी लागते. अर्थात मापभेद पूर्णतः संपलेला नाही. दुसरी मर्यादा अवलंबित्वाची आहे. नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हबने, खाते न उघडता इमेज घेणाऱ्यांसाठी प्रत्येक आयपी पत्त्यामागे सहा तासांत १०० ही मर्यादा लागू केली. जेथे संपूर्ण प्रयोगशाळा एकाच पत्त्यावरून महाजालाशी जोडलेली असते, तेथे अशी मर्यादा एका तासिकेतच गाठली जाऊ शकते. घरी स्वतंत्र जोडणी असलेल्या विद्यार्थ्यास तिची झळ क्वचितच लागते.

यावर उपायही याच तंत्रात आहे. महाविद्यालयातील एका संगणकावर इमेजचा स्थानिक साठा ठेवता येतो. तसेच इमेज फाइलीच्या रूपात जतन करून पेन ड्राइव्हवरून अन्य यंत्रांवर नेता येते. त्यासाठी महाजालाची गरज नसते.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कंटेनरचा इतिहास हा यंत्राच्या सामर्थ्यापेक्षा मांडणी लिहून ठेवण्याच्या शिस्तीचा इतिहास आहे. पेटी प्रमाणित झाली म्हणून लहान गावाचा माल आपोआप बंदरात पोहोचत नाही. त्यासाठी गावात गोदाम असावे लागते. म्हणून ग्रामीण महाविद्यालयांनी हे तंत्र अभ्यासक्रमातील एक घटक म्हणून शिकवून थांबू नये. आपल्या प्रयोगशाळेची मांडणी लिखित करणे, तिचा स्थानिक साठा राखणे आणि दरवर्षी त्यात दुरुस्ती करणे, ही जबाबदारी विभागाने स्वीकारली, तरच समान आरंभाची ही संधी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचेल.