भाऊसाहेबांचा तोतया

सर्जापूर रोडवरील एखाद्या वसाहतीत स्नेह्याकडे जावे, तर फाटकाशी नावनिशी द्यावी लागते. आतल्या घरातून होकार आला म्हणजे मग प्रवेश. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे प्रकरण चिघळले, ते घराचा निकाल मनातून झाला नव्हता म्हणून.

१४ जानेवारी १७६१ रोजी भाऊ पानिपतावर पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराज पंडित लिहितो की, शिर नसलेले धड जुन्या जखमेच्या वणावरून आणि अंगावरील खुणांवरून ओळखले गेले. परंतु ही ओळख पटली पुण्यापासून शेकडो कोसांवर, शत्रूच्या छावणीत! पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलेच नाही. अशा घरात मेलेला माणूस परत येण्यास वाट मोकळी राहते.

त्या वाटेने सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आला. थोरल्या माधवरावांनी चौकशी करून त्याला कैदेत टाकले. प्रकरण तेथेच संपावयाचे. पण कैदी जिवंत राहिला, आणि दिवस पालटले. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. १७७६ साली गादीवर दोन वर्षांचे मूल, कारभार नाना फडणिसांच्या हाती, आणि राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला. अशा वेळी रत्‍नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी सुखनिधानाला बंधमुक्त करून भाऊसाहेब म्हणून उभे केले. परांजपे भोळे होते की धूर्त, याचा वाद घालता येईल; मला मात्र ते काळ ओळखणारे वाटतात. कारभाऱ्यांच्या राज्याला विटलेल्यांना पेशव्यांच्या घरातला कर्ता पुरुष हवाच होता. कोकणातले किल्ले भराभर त्याच्या स्वाधीन झाले, वीस हजारांची फौज जमली आणि तोतया बोरघाटापर्यंत येऊन ठेपला. यांतील कितीकांनी खऱ्या भाऊंना कधी डोळ्यांनी पाहिले असेल?

नानांनी पाहिले होते. ते स्वतः पानिपतावर होते आणि त्यांची आई त्या धामधुमीत नाहीशी झाली होती. ज्याला आपली आई परत मिळाली नाही, त्याला दुसऱ्याचे भाऊ परत आले हे सहजी पटणार नव्हते.

महादजी शिंद्यांनी फौज मोडली. तोतया मुंबईकडे पळाला, पण रघूजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यास पुन्हा पंचांपुढे चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली.

पार्वतीबाई त्यानंतरही सात वर्षे, १७८३ पर्यंत, सौभाग्यचिन्हांसह जगल्या.